पाणंदीतील वाळू आणि मोटारसायकलचे टायर

कोल्हापूर जिल्ह्यात पहाटेच्या धारा काढून झाल्या की दुधाच्या किटल्या संकलन केंद्राकडे निघतात. 1963 साली जिल्हा सहकारी दूध संघ स्थापन झाला. आज पुष्कळ गावांत दूध वाहण्याचे काम लहान मोटारसायकल करते. धारोष्ण दूध जनावराच्या अंगाइतकेच उष्ण असते व ते थंड होईपर्यंत त्यातील जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून वाटेत गेलेला वेळ दुधाची प्रत घटवितो आणि वाटेत उलटलेली किटली त्या वेळेची सारी कमाई मातीत घालते. चालविणाऱ्याचा हातपाय मोडला तर नुकसान याहून मोठे.

नदीकाठच्या मळईच्या वाटांवर ही भीती अधिक. ऑगस्ट 2019 व जुलै 2021 च्या महापुरांत कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठची शेते व पाणंदी पाण्याखाली गेल्या. असा पूर ओसरला की मागे वाळू व गाळ राहतो. पुढे तो वाळतो, उसाच्या ट्रॉल्या त्यात खोल चाकोऱ्या पाडतात आणि वाटेवर घोटाभर फुफाटा होतो. अशा ठिकाणी पुढचे चाक एकाएकी बाजूस सरकते.

याचे कारण साधे आहे. कोरड्या वाळूचे कण एकमेकांस धरून राहत नाहीत. अरुंद चाकाचा भार पडताच ते बाजूस सरतात व चाक रुतते. ओलसर वाळू मात्र पुष्कळशी घट्ट असते, म्हणून दव पडलेल्या पहाटे जी वाट सोपी वाटते तीच दुपारी अवघड होते. लोखंडी धावेची बैलगाडी जेथे रुतते, तेथून रबरी टायरची गाडी निघून जाते, हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव आहे. भार जितक्या अधिक जागेवर पसरेल तितके चाक कमी रुतते. वाळवंटातील उंटाचा पसरट तळवाही हेच काम करतो.

ही जागा मुख्यतः टायरमधील हवेवर ठरते. वीस लिटरच्या दोन किटल्यांतील दूधच सुमारे 41 किलो भरते. गाडी, चालक व किटल्या मिळून मागच्या चाकावर 300 पौंड भार आला असे समजू. हवेचा दाब दर चौरस इंचास 30 पौंड असेल तर टायर सुमारे 10 चौरस इंच जमिनीवर टेकतो. 24 पौंड ठेवल्यास साडेबारा. म्हणजे एक पैसाही न खर्चता आधार पावपट वाढतो. तथापि भार असता चार-सहा पौंडांहून अधिक हवा काढू नये. तसे केल्यास ट्यूब धावेवर फिरून तिचा व्हॉल्व्ह तुटण्याचा संभव असतो. डांबरी सडक लागताच हवा पूर्ववत भरावी. कमी हवेचा टायर तेथे तापतो व गाडी डुलते. त्याकरिता लहान हातपंप जवळ असावा.

नवा टायर घेताना प्रथम आपली वाट कोणती ते पाहावे. उभ्या रेषांचा टायर डांबरावर दिशा चांगली राखतो. ठोकळ्यांच्या नक्षीचा, ज्यास बाजारात बहुधा बटण टायर म्हणतात, तो चिखलात व मुरमात पकड देतो. परंतु डांबरावर लवकर झिजतो व ओल्या सडकेवर ब्रेक लावताना घसरू शकतो. निव्वळ कोरड्या वाळूत नक्षीपेक्षा रुंदी व हवा यांचे महत्त्व अधिक. ज्यांचा बराच प्रवास सडकेवर होतो त्यांनी पुढे रेषांचा व मागे मध्यम ठोकळ्यांचा टायर घ्यावा. निर्मात्याने सांगितलेल्या मापाहून फार रुंद टायर बसवू नये. तो साखळीस किंवा चिमट्यास घासतो.

वाळू येण्यापूर्वीच वेग कमी करून दुसरा गिअर घालावा. आत शिरल्यावर पुढचा ब्रेक लावू नये. नजर चाकापुढे न ठेवता दूर ठेवावी, मूठ सैल धरावी व अॅक्सिलरेटर एकसारखा ठेवावा. पुढचे चाक थोडे डुलते. त्यास बळाने अडविल्यास पडण्याची भीती असते. किटल्या खाली व दोन्ही बाजूंस सारख्या बांधाव्यात. चाक रुतले तर जागेवर फिरवू नये, ते अधिकच खोल जाते. खाली उतरावे, किटल्या उतरवाव्यात व गाडी ढकलून काढावी. पट्टा दहा-वीस पावलांचाच असेल तर आधीच उतरणे शहाणपणाचे. डोक्यावर शिरस्त्राण असावेच.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याचे प्रात्यक्षिक अवश्य घडवून आणावे. भरल्या किटल्यांसह एक गाडी कोरड्या वाळूवर प्रथम 30 व नंतर 24 पौंड हवेवर उभी करावी आणि दोन्ही वेळचे ठसे शेतकऱ्यांना बोटाने मोजावयास सांगावे. ठशांतील फरक जो स्वतः मोजील, तो नव्या टायरसाठी पैसे काढण्यापूर्वी जुन्यातील हवा तपासून पाहील.