रेघ नव्हे, शंकू पाहा

चक्रीवादळाचा नकाशा समोर आला, की आपली नजर आधी मधल्या रेघेवर जाते. मीही पूर्वी रेघच पाहत असे. ही सवय किती महागात पडते, ते ऑगस्ट २००४ मध्ये ‘चार्ली’ वादळाने दाखवले.

कॅरिबियन समुद्रात वादळ उठले, की मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र त्याचा माग काढू लागते. उपग्रह वरून पाहतात. विमाने थेट वादळात शिरून हवाई छत्रीला बांधलेली छोटी उपकरणे खाली सोडतात. पडता पडता ती वारा, दाब, तापमान आणि आर्द्रता कळवतात. त्यावरून संगणक पुढचा मार्ग मांडतात. तरीही अंदाज थोडाफार चुकतोच. म्हणून मागील काही वर्षांच्या चुका मोजून रेघेभोवती शंकू आखतात. वादळाचे केंद्र साधारणपणे तीनपैकी दोन वेळा त्या शंकूत राहते.

चार्ली जमैकाच्या दक्षिणेकडून आले आणि पश्चिम क्युबा ओलांडून फ्लोरिडाकडे निघाले. रेघ टॅम्पाकडे जात होती. पण वादळ किनाऱ्याला जवळजवळ समांतर चालले होते. ते जरासे उजवीकडे वळताच शंभराहून अधिक किलोमीटर अलीकडचे पुंटा गोर्डा तडाख्यात सापडले. काही तासांत वाराही ताशी सुमारे १७५ वरून २४० किलोमीटरवर गेला. गाव शंकूत होते, इशाराही होता. पण अनेकांचे डोळे रेघेवर होते.

आणखी एक गोष्ट. शंकू केंद्राची वाट दाखवतो, वादळाचा पसारा नव्हे. पाऊस-वारा शंकूबाहेरही गाठतो. तेव्हा रेघ आपल्या गावापासून किती दूर आहे, हे मोजत बसू नका. इशारा आपल्या गावाला आहे का, ते आधी पाहा.