‘बंद’ म्हणून विकलेला गेम बॉय

जपानमधील जुन्या मालाच्या दुकानांत एखाद्या कोपऱ्यात मोठ्या टोपल्या ठेवलेल्या असतात आणि त्यांवर ‘जंक’ अशी चिठ्ठी असते. आपल्याकडील व्यापारी ज्याला ‘जसा आहे तसा’ माल म्हणतो, त्याच जातीचा हा व्यवहार. वस्तू तपासलेली नाही, हमी नाही, परत घेणे नाही. अनुभवी गिऱ्हाईक मात्र या चिठ्ठीचा अर्थ नेमका जाणतो. ‘जंक’ म्हणजे मेलेली वस्तू नव्हे. ती जिवंत आहे की नाही हे पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नाही, एवढेच ती चिठ्ठी सांगते.

अशा टोपल्यांत हमखास सापडणारी वस्तू म्हणजे ‘गेम बॉय’. क्योटो येथील निन्तेन्दो कंपनीने २१ एप्रिल १९८९ रोजी हा हातात धरून खेळावयाचा यंत्रखेळ जपानात विक्रीस आणला. त्याचे शिल्पकार गुनपेई योकोई. नवीन आणि महाग तंत्रामागे न धावता, जुने, स्वस्त झालेले आणि पारखलेले तंत्र नव्या उपयोगात आणावे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून या यंत्राला रंगीत पडदा नव्हता; हिरवट पार्श्वभूमीवर १६० गुणिले १४४ ठिपके आणि चारच छटा. पण चार पेन्सिल सेलांवर ते तासन् तास चाले आणि सहज मोडत नसे. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळलेला, बाहेरचे प्लास्टिक वितळलेला एक गेम बॉय तरीही चालत राहिला आणि पुढे अनेक वर्षे कंपनीच्या न्यूयॉर्कमधील दुकानात मांडून ठेवलेला होता. आपल्याकडे त्या काळात घरोघरी दिसे तो स्वस्तातला ‘ब्रिक गेम’. खरा गेम बॉय येथे येई तो बहुधा परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून. आज तो माळ्यावरच्या ट्रंकेत निघतो, नाहीतर जुन्या बाजारात मिळतो, आणि घरातला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी तो दुरुस्त करावयास बसते.

येथेच पहिली चूक होते. नवशिका लगेच पेचकस शोधू लागतो. व्यापारी घरातील मुलांना मात्र एक गोष्ट समजावून सांगणे सोपे आहे. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी वह्या फाडत नाही. आकडा पहिल्यांदा कोठे चुकला, ते शोधत मागे जावे लागते: तेरजेवरून खतावणी, खतावणीवरून रोजमेळ. बंद यंत्राचेही तसेच. वीज सेलांतून निघते आणि पडद्यापर्यंत पोहोचते. या वाटेवर ती कोठे हरवली, एवढाच प्रश्न असतो. दुरुस्ती नंतरची. आधी हरवलेली जागा सापडली पाहिजे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे. नाहीतर यंत्र चालू झाले तरी ते कशाने झाले हे कळत नाही.

आरंभ पैसे देण्यापूर्वीच करावा. सेलांचे झाकण उघडून आत पाहावे. स्प्रिंगांवर पांढरी-हिरवट पूड असेल, तर जुने सेल आत राहून फुटले आहेत. मागच्या स्क्रूंची डोकी झिजलेली, ओरबाडलेली असतील, तर कोणीतरी आधी आत हात घालून गेला आहे. अशा वस्तूपासून नवशिक्याने दूर राहिलेले बरे. खिशात चार नवे सेल असले, तर ते दुकानातच, विक्रेत्यासमोर लावून पाहावेत. बंद म्हणून सांगितलेले यंत्र तेथेच चालू झाले, तर भाव वाढेल ही धास्ती असते, आणि ती खोटी नाही. तरीही दोघांनी पाहून ठरवलेला भावच स्वच्छ. घरी जाऊन ‘फसवले कसे’ म्हणून हसण्यात बहाद्दुरी नाही.

सेल लावले, वरचे बटण सरकवले आणि काहीच दिसले नाही, तरी घाबरू नये. डाव्या अंगाला एक छोटी चकती असते. ती पडद्याचा गडदपणा कमी-अधिक करते. ती एका टोकाला फिरलेली असेल, तर चालू यंत्राचाही पडदा कोरा दिसतो. केवळ या चकतीपायी ‘मेलेले’ ठरलेले गेम बॉय कमी नसतील. पडद्याच्या डावीकडे लाल दिवा आहे. तो लागला, तर वीज आत शिरली आहे. नाही लागला, तर दोष वाटेच्या सुरुवातीलाच आहे. या एका दिव्याने अर्धा शोध संपतो.

दिवा लागत नाही, तेव्हा दोषी बहुधा तीनच. पहिला, फुटलेल्या सेलांची पूड. अल्कलाइन सेलांतून गळणारा द्रव क्षारधर्मी असतो, म्हणून त्याला आंबट पदार्थ उतारा. कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून स्प्रिंग पुसावी, मग पाण्याने किंचित ओलसर काडी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्यावे. हातमोजे घालावेत, ही पूड डोळ्यांत जाता कामा नये. दुसरा दोषी, चालू-बंद करण्याचे बटणच. तीस-पस्तीस वर्षांत त्याच्या आतल्या पत्र्यांवर थर चढतो. सेल काढून ते पन्नास-साठ वेळा मागे-पुढे सरकवावे. त्यानंतर दिवा मिचकावू लागला, तर रोग सापडला. तेथे अल्कोहोलचे दोन थेंब पुष्कळदा पुरतात. तिसरा दोषी, बाहेरून वीज देण्याचे छिद्र. अडॅप्टर खुपसला की सेलांचा मार्ग तोडणारा पत्रा त्यात असतो; तो अडकून राहिला, तर सेल कितीही नवे असोत, आत काही पोहोचत नाही. जाता जाता हेही सांगावयास हवे, की घरात पडलेला कोणताही अडॅप्टर लावून पाहू नये. धन-ऋण उलटे असले, तर जे यंत्र बंद नव्हते, ते खरोखर बंद होईल.

यापुढे मल्टिमीटर हवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत साधा मीटर सहज मिळतो आणि घरात तो पुढेही उपयोगी पडतो. त्यावर डीसी २० व्होल्टची पट्टी निवडावी. चार ताज्या सेलांची बेरीज सुमारे ६ व्होल्ट. पुन्हा भरता येणारे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणून त्यांची बेरीज ४.८ भरते, तो दोष नव्हे.

आता यंत्र उघडावे. सेल आधी बाहेर. मागचे सहा स्क्रू बहुधा तीन पात्यांच्या खाचेचे असतात, त्यातले दोन सेलांच्या खणात. साध्या पेचकसाने जोर केला तर डोकी झिजतात, म्हणून योग्य पेचकस आल्याशिवाय हात लावू नये. दोन्ही अर्धे भाग एका रुंद, चपट्या पट्टीने जोडलेले आहेत. पुस्तक उघडावे तसे ते हळूच उघडावेत. झटका दिला की ती पट्टी तुटते, आणि मग खरी मोठी दुरुस्ती समोर येते.

सेल पुन्हा लावून मीटरची काळी काडी ऋण टोकाला ठेवावी आणि लाल काडीने वाट चालत जावे. बटणाच्या अलीकडे ६ आणि पलीकडे शून्य, तर दोषी बटण. पलीकडेही ६ असेल, तर पुढची चौकी म्हणजे विजेचा दाब बदलणारा छोटा उभा बोर्ड. तो ६ व्होल्ट घेतो आणि यंत्राला ५ व्होल्ट देतो. शिवाय पडद्यासाठी सुमारे उणे १९ व्होल्ट तयार करतो. ५ मिळतात पण उणे १९ मिळत नाहीत, तर यंत्र आत जिवंत असून पडदा कोरा राहतो. हा बोर्ड दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे नवशिक्याला परवडते.

काही लक्षणे तर शुभवार्ताच असतात. सुरू होताना वरून कंपनीचे नाव उतरण्याऐवजी काळी पट्टी उतरली आणि यंत्र तेथेच थांबले, तर यंत्र ठणठणीत आहे. त्याला कॅसेट वाचता येत नाही, इतकेच. यंत्र प्रत्येक कॅसेटमध्ये निन्तेन्दोची छाप शोधते आणि ती तंतोतंत जुळली तरच खेळ सुरू करते. नक्कल करणाऱ्यांना रोखण्यासाठी केलेली ही व्यवस्था आज नवशिक्याच्या निदानाला उपयोगी पडते. कॅसेटचे सोनेरी दात अल्कोहोलने पुसावेत. त्यात फुंकर मारण्याची सवय सर्वांना आहे, पण तोंडातली वाफ त्या दातांना गंजवते. पडद्यावर उभ्या रेषा गायब असतील, तर पडद्याच्या खालच्या कडेची जोडणी सैल झालेली असते. सोल्डरिंग आयर्नने तेथे हलकी ऊब देऊन ती पुन्हा चिकटवता येते. हे काम मात्र पहिल्या यंत्रावर, एकट्याने करू नये. आवाज नसेल, तर आधी हेडफोन खुपसून पाहावा. हेडफोनमधून येतो आणि स्पीकरमधून नाही, तर शोध फारच आखूड झाला.

यंत्र सुरू झाल्यावर आनंदाच्या भरात एक गोष्ट विसरली जाते. १९९६ साली आलेल्या ‘पोकेमॉन’सारख्या काही कॅसेटांत नाण्याएवढी एक बॅटरी सोल्डर केलेली असते. खेळणाऱ्याने जपून ठेवलेला खेळ तीच जिवंत ठेवते. ती कधीतरी संपणारच, म्हणून हौशी मंडळी कॅसेट हाती येताच नवी बॅटरी बसवतात. पण जुनी काढताक्षणी आधीचा खेळ पुसला जातो. काही कॅसेटांत तो अजून शिल्लक असतो: वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोण्या अनोळखी मुलाने स्वतःला दिलेले नाव, त्याने जमवलेले प्राणी, तो खेळला ते तास. म्हणून बॅटरीला हात लावण्यापूर्वी एकदा ‘पुढे चालू’ निवडून पाहावे आणि ते नाव कोठेतरी लिहून ठेवावे. माळ्यावरच्या ट्रंकेतली कॅसेट असेल, तर ते नाव घरातल्याच कोणाचे तरी निघण्याचा संभव असतो.