दगडातला समुद्र (भाग ५) : गोदीत खैर कुठून आला?

गेल्या आठवड्यात थर वाचायचा पहिला नियम पाहिला: खालचा आधीचा, वरचा नंतरचा. भिवंडीकराला तो शिकवावा लागत नाही. गोडाऊनमधल्या थप्पीत तळाचा तागा आधी आलेला असतो, हे त्याला ठाऊक असतं. पण हाच नियम घेऊन भिवंडीच्या दगडखाणीत उतरलात, तर समुद्राचा मागमूस लागणार नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथला लाव्हा उघड्या जमिनीवर पसरला. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरचा दगड कुजून जिथे लाल माती झाली, तिथे ती पुढच्या लाव्ह्याखाली गाडली गेली. सगळा कारभार कोरड्या जमिनीवरचा. आज खाडी दाराशी आहे, पण या काळ्या दगडाला ती माहीत नाही.

समुद्राचा हिशेब हवा तर पश्चिमेला जावं लागतं. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, बॉम्बे हायला १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगने तेल शोधलं. त्या परिसरात खोल गेलं की काही ठिकाणी आपलाच काळा दगड लागतो, आणि त्याच्या कितीतरी वर चुनखडक आणि चिकणमातीचा खडक आलटून पालटून येतात. चुनखडक म्हणजे उथळ, उबदार, नितळ समुद्र. त्यात जीवांच्या कवचांचा चुरा साचत गेला. चिकणमाती म्हणजे गढूळ पाणी. खरी गंमत चुनखडकाच्या माथ्यावर आहे. समुद्र हटला की तो माथा उघडा पडे, किंचित आम्ल पावसाचं पाणी त्यातून झिरपून चुना विरघळवी आणि दगडाला भोकं पडत. समुद्र परतला की वर नवा गाळ बसे. त्याच भोकांत पुढे तेल साठलं! समुद्राच्या माघारीवर एवढी कमाई दुसऱ्या कुणी केली नसेल.

आता अगदी अलीकडची गोष्ट. मुंबईत प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये खुला झाला. तो खोदताना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली, चिखलात गाडलेले खैराचे बुंधे निघाले. कित्येक उभेच होते, मुळं रोवलेली. खैर म्हणजे काताचं झाड, खारफुटी नव्हे. खाऱ्या पाण्यात ते उगवत नाही.

मग पाणी चढलं की जमीन खचली? एकटा थर हे सांगत नाही. जुने भूशास्त्रज्ञ जमीन खचली म्हणत, पण नुसते बुंधे पाहून तसं म्हणणं मला घाईचं वाटतं. बदल फक्त इथलाच असेल तर संशय जमिनीवर. दूरदूरच्या किनाऱ्यांवर तो एकाच वेळी दिसला, तर पाण्यावर. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पाणी बर्फात अडकलं होतं, त्यामुळे जगभर समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. तेव्हा किनारा मुंबईच्या बराच पश्चिमेला होता, आणि भिवंडीची खाडी म्हणजे गोड्या पाण्याच्या नदीची दरी.

त्या दरीत खाडी कशी शिरली, ते पुढच्या आठवड्यात.