बल्गेरियाचे सण आणि तेरा दिवसांचे अंतर

बल्गेरियातील सणांची व सार्वजनिक सुट्ट्यांची यादी पाहणाऱ्या अभ्यासकास प्रथमच एक कोडे पडते. एकच सण दोन निरनिराळ्या तारखांना साजरा होताना आढळतो. काही ऐतिहासिक घटनांचे स्मृतिदिन तर त्या घटना ज्या दिवशी घडल्या त्या दिवशी पाळलेच जात नाहीत. हा दोष यादी करणाऱ्याचा नव्हे. त्याचे मूळ त्या देशाच्या कालगणनेत आहे.

१९१६ पर्यंत बल्गेरियात ज्युलियन कालगणना चालत असे. त्या वर्षी ३१ मार्चनंतर एकदम १४ एप्रिल उजाडला आणि शासनव्यवहार ग्रेगोरियन कालगणनेने होऊ लागला. दोहोंमधील अंतर त्या वेळी तेरा दिवसांचे होते. एकोणिसाव्या शतकात मात्र ते बाराच दिवसांचे होते. कारण १९०० हे वर्ष ज्युलियन गणनेत लीप वर्ष धरले गेले, ग्रेगोरियन गणनेत धरले गेले नाही. हा एका दिवसाचा भेद वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु त्याचे परिणाम तसे नाहीत.

तुर्की सत्तेविरुद्ध गुप्त संघटना उभारणारा व्हासिल लेव्स्की ह्यास जुन्या गणनेप्रमाणे ६ फेब्रुवारी १८७३ रोजी सोफिया येथे फाशी देण्यात आले. ह्यात बारा दिवस मिळविले असता १८ फेब्रुवारी ही तारीख येते. स्मृतिदिन मात्र १९ फेब्रुवारीस पाळला जातो. रूपांतराच्या वेळी तेरा दिवस मिळविले गेले. कवी व क्रांतिकारक ख्रिस्तो बोतेव्ह २० मे १८७६ रोजी, म्हणजे नव्या गणनेने १ जूनला, धारातीर्थी पडला. असे असूनही २ जून रोजी दुपारी बारा वाजता देशभर भोंगे वाजतात आणि रस्त्यावरील माणसे जागच्या जागी स्तब्ध उभी राहतात. गणिताने चुकलेला दिवस रूढीने पवित्र ठरला, असेच येथे म्हणावे लागते.

उलट ३ मार्च हा राष्ट्रीय दिन बिनचूक आहे. १८७८ चा सान स्तेफानोचा तह जुन्या गणनेने १९ फेब्रुवारीस झाला होता. १९९० पासून ह्या दिवसास राष्ट्रीय दिनाचा दर्जा आहे. त्यापूर्वीच्या कम्युनिस्ट राजवटीत तो मान ९ सप्टेंबरकडे होता. आता तिसरा प्रकार पाहावा. पूर्व रुमेलियाशी झालेले एकीकरण (१८८५) आणि स्वातंत्र्याची घोषणा (१९०८) ह्यांचे दिवस अनुक्रमे ६ व २२ सप्टेंबर असे मानले जातात. ह्या दोन्ही तारखा जुन्याच असून त्यांचे रूपांतर केलेलेच नाही. म्हणजे एकाच राष्ट्राच्या वर्षात बरोबर रूपांतर, चुकीचे रूपांतर आणि रूपांतराचा अभाव हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात.

धार्मिक सणांची गोष्ट निराळी. बल्गेरियन ऑर्थोडॉक्स धर्मपीठाने १९६८ च्या अखेरीस स्थिर तारखांचे सण नव्या गणनेत आणले, ईस्टर मात्र जुन्या गणनेवरच ठेवला. त्यामुळे नाताळ पश्चिमेबरोबर २५ डिसेंबरला येतो. ईस्टर बहुधा पश्चिमेहून वेगळ्या रविवारी पडतो. लोकाचार धर्मपीठामागून सर्वत्र गेला नाही. द्राक्षबागांचा रक्षक संत त्रिफोन ह्याचा दिवस धर्मपीठ १ फेब्रुवारीस मानते. द्राक्षवेलींची पहिली छाटणी करून कापल्या जागी मद्य शिंपडण्याचा विधी मात्र पुष्कळ ठिकाणी १४ फेब्रुवारीस होतो. स्त्रांजा पर्वतातील बल्गारी गावी निखाऱ्यांवर अनवाणी नाचणारे नेस्तिनारी हे संत कॉन्स्टंटाईन व हेलेना ह्यांच्या मूर्तिचित्रांसह ३ जूनच्या रात्री अग्नीत उतरतात. हा जुना २१ मे होय. युनेस्कोने ह्या विधीची नोंद २००९ मध्ये आपल्या सूचीत केली. पेर्निक प्रदेशातील मुखवटेधारी सुरोवा उत्सव १३ व १४ जानेवारीस होतो, म्हणजे जुन्या नववर्षास.

२४ मे ह्या दिवशी हा भेद सर्वांत ठळकपणे दिसतो. सिरिल व मेथोडियस ह्या लिपिकर्त्या बंधूंचा शालेय उत्सव १८५१ मध्ये प्लोव्हदिव्ह येथे ११ मे रोजी सुरू झाला. आज धर्मपीठ त्यांचे पूजन ११ मेलाच करते, तर शासन आणि विद्यालये २४ मे पाळतात. मिरवणुका, पुष्पहार आणि अक्षरांचा गौरव ह्यांचा तो दिवस आहे.

१ मार्च मात्र ह्या सर्वांतून अलिप्त राहिला. गणना बदलली तरी लोक नव्या १ मार्चलाच लाल-पांढऱ्या दोऱ्यांची मार्तेनित्सा मनगटी किंवा छातीवर बांधू लागले. ती कधी काढावी हे तारखेने ठरत नाही. पहिला करकोचा किंवा पाकोळी दृष्टीस पडली, अथवा एखादे झाड फुलले, की ती काढून फांदीस अडकवितात.