पुण्यातला डिसेंबर आणि भद्रावतीतला मे



जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने इंजिनावर बोलावं, हे काहींना आगाऊपणाचं वाटेल. पण तसं कारण घडलं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने कर्ज काढून टर्बो-पेट्रोल गाडी घेतली. डिसेंबरात पुण्याकडच्या एका गॅरेजात ती 'रिमॅप' करून आणली. शक्ती सुमारे एक-तृतीयांशाने वाढली. पाच महिने गाडी सुरेख पळाली. मे महिन्यात भर दुपारी नागपूरहून येताना, वरोरा ओलांडल्यावर, एक पिस्टन फुटला. गाडी टोचन करून आणली. हप्ते अजून चालूच आहेत. तो म्हणाला, "सर, इंजिन कच्चं निघालं." आम्ही म्हटलं, "बाबा, इंजिन कच्चं नव्हतं, अनुमान कच्चं होतं." आज तेवढंच समजून घेऊ.

आधी हे बघा की जादा शक्ती येते कुठून. इंजिन म्हणजे हवा आणि इंधन जाळायची जागा. जास्त हवा कोंबली, त्या मापात इंधन दिलं, की शक्ती वाढते. टर्बो हेच काम करतो: बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवून आत हवा दाबतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. रिमॅप करताना लोखंड बदलत नाही. बदलतात त्या गाडीच्या संगणकातल्या सूचना: हवा किती दाबायची, इंधन किती सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची.

मग ही शक्ती फुकट मिळाली का? नाही. बनवणाऱ्याने उन्हाळा, घाट, हलकं पेट्रोल, उशिरा बदललेलं ऑइल हे सगळं धरून थोडी शिल्लक ठेवलेली असते. आपण त्या शिलकीतून उचल करतो. आपल्याकडचे कोळशाचे ट्रक आठवा. '२५१८' या नावातला १८ म्हणजे १८० अश्वशक्ती, आणि इंजिन जवळपास ६ लिटरचं. म्हणजे लिटरमागे ३०. आजच्या टर्बो-पेट्रोल गाडीत लिटरमागे १०० च्या आसपास असतात. ट्रकची शिल्लक मोठी, म्हणून तो धूळ खात, ओझं ओढत लाखो किलोमीटर चालतो. गाडीची शिल्लक आधीच कमी, त्यात आपण आणखी हात घालतो.

आता उष्णतेचा हिशोब. ढोबळमानाने इंधनातल्या ऊर्जेचा एक-तृतीयांश चाकांकडे जातो, एक-तृतीयांश धुरावाटे आणि उरलेला बराचसा रेडिएटरमधून. शक्ती वाढली की उष्णताही त्याच मापात वाढते. रेडिएटर मात्र तेवढाच राहतो. हवा दाबली की तीही तापते. बाहेर २५ अंश असताना टर्बोने हवा दुप्पट दाबाला नेली, तर ती साधारण १२० अंशांवर जाते. आपल्याकडच्या मे महिन्यात ४७ अंश असताना तीच हवा १५० च्या जवळ पोहोचते. इंटरकूलर तिला थंड करतो खरा, पण तो थंड करणार कशाने? त्याच ४७ अंशांच्या वाऱ्याने.

इथे 'नॉकिंग' येतं. ठिणगी पडल्यावर ज्वाला एका बाजूने शिस्तीत पसरायला हवी. मिश्रण फार तापलं, फार दाबलं गेलं, तर कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण ज्वाला पोहोचायच्या आतच आपोआप पेटतं. हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा; तापला की वितळायच्या कितीतरी आधी नरम पडतो. संगणक नॉकिंग ओळखून ठिणगी उशिरा पाडतो आणि इंजिन सांभाळतो. पण रिमॅपमध्ये ही मोकळीकच खाऊन टाकली असेल, तर सांभाळणार कोण?

आणि प्रश्न एकट्या पिस्टनचा नाही. प्रत्येक स्फोटाचा वाढलेला दाब कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, हेड गॅस्केट, क्लच या सगळ्यांवर येतो. कोणी फेरे वाढवून शक्ती काढतो. तिथे ६००० चे ७२०० केले, म्हणजे २० टक्के वाढ, तर रॉडवरचा ओढा ४४ टक्के वाढतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. शिवाय ही साखळी आहे. दहा भाग प्रत्येकी ९९ टक्के भरवशाचे असतील तर सगळे मिळून भरवसा ९० टक्के. प्रत्येकी ९५ झाले की एकूण ६० च राहतो!

मग पाच महिने गाडी चालली कशी? सपाट रस्त्यावर ताशी १०० ने जायला लहान गाडीला २०-२५ अश्वशक्ती पुरते. पूर्ण शक्ती आपण काही सेकंदच वापरतो. गॅरेजातली चाचणीही काही सेकंदांचीच, तीही थंड हवेत.

आमच्या न्यायशास्त्रात याला शब्द आहे: उपाधी. "जिथे धूर तिथे अग्नी" हे खरं. "जिथे अग्नी तिथे धूर" हे खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं इंधन लागतं. ती लपलेली अट म्हणजे उपाधी. "रिमॅप केलं, गाडी नीट चालते" या वाक्याला उपाधी होत्या: थंड हवा, चांगलं पेट्रोल, थोडा वेळ. मे महिन्यातल्या सरळ चौपदरी रस्त्यावर तिन्ही सुटल्या. अभियंतेसुद्धा भरवशाची व्याख्या अशीच करतात: ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेला काळ, ठरलेलं काम. परिस्थिती आणि काळ वगळले की 'भरवशाचं इंजिन' या शब्दांना अर्थच उरत नाही.

म्हणून ज्यांना शक्ती वाढवायचीच आहे, त्यांनी क्रम उलटा करावा. आधी रेडिएटर, इंटरकूलर, ऑइल. मग तापमान आणि दाब मोजायची सोय. मग साखळीतली कच्ची कडी पक्की करणं. शक्ती सगळ्यात शेवटी, आणि तीही आपल्या मे महिन्याच्या हिशोबाने. शिवाय वॉरंटी आणि विमा अडचणीत येऊ शकतात. बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत फेरफार करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे सांगितलं आहे. तेव्हा नियम आधी विचारा.

पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "काही होत नाही, माझी चालते आहे," तर भांडू नका. एवढंच विचारा: कुठे, कोणत्या महिन्यात, आणि किती वेळ?

आज इथेच थांबू.