हरपलेलें हास्य

अर्धा चेहरा लुळा पडलेला मनुष्य हंसूं लागला कीं ओठ एकाच बाजूस ओढले जातात, आणि समोरच्यास तें हास्य छद्मी वाटतें. आयुर्वेदांत या विकारास अर्दित म्हणतात. असा मनुष्य हळूहळू हंसणेंच सोडतो.

१९७६ सालीं जपानांतील कियोनोरी हारी व त्यांचे सहकारी यांनीं मांडीच्या आंतल्या बाजूचा एक स्नायु रक्तवाहिन्या व मज्जातंतूसह गालांत बसविल्याचें प्रसिद्ध केलें. आतां पुष्कळदां चर्वणाच्या स्नायूचा तंतु त्यास जोडतात. मज्जातंतु दिवसाकाठीं सुमारें १ मिलिमीटर वाढतो. म्हणून जखम भरली तरी कांहीं महिने गाल निश्चलच राहतो. घरच्या माणसांचा धीर सुटतो तो येथेंच.

मग एके दिवशीं दाढा आवळतांच ओठाचा कोपरा किंचित् हलतो. येथून आरसा हाच गुरु. दोन्ही बाजू सारख्या उचलतील इतक्याच बेतानें हंसावयाचें. निरोगी बाजूसही आवरावें लागतें, कारण एकटीनेंच ओढण्याची खोड तिला जडलेली असते. जोर लावून उपयोग नाहीं. थोडें व वारंवार केलेलेंच फळतें. पुढें पुष्कळांस दाढा न आवळतां हंसतां येतें. विनोद ऐकतांच नकळत उमटणारें हास्य मात्र याहून दुर्लभ. त्यासाठीं कित्येकदां पायांतील तंतु निरोगी बाजूच्या तंतूस जोडून वरच्या ओठांतून पलीकडे नेतात, व तो वाढेपर्यंत स्नायु बसविण्यास बरेच महिने थांबतात. चर्वणाच्या तंतूवर चालणारा गाल जेवतांना घासागणिक हलूं शकतो. पंगतीस बसणाऱ्यांनीं तिकडे टक लावून पाहूं नये, एवढें तरी करावें.