पाळणाघरापासून शाळेपर्यंत : कोसबाडची विकासवाडी

• १९४५ : ताराबाई मोडक यांनी बोर्डी (आता पालघर जिल्हा) येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ.

• १९५७ : केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांलगत.

• अडचण : आईबाप मजुरीला गेले की तान्ह्या भावंडांना थोरल्या बहिणी सांभाळत. त्यांची शाळा बुडे.

• उपाय : पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी; हीच विकासवाडी. कडेवरचे बाळ पाळणाघरात ठेवून ताई वर्गात बसे.

• साधने : शंख-शिंपले, बिया, पाने, खडे. मोजणी, रंग, आकार त्यांतूनच.

• अंगणवाडी : पाड्यावरच्या अंगणातच बालवाडी भरवण्याचा ताराबाई-अनुताईंचा प्रयोग.

• आजचा धडा : गावात चांगले पाळणाघर हवेच. बाळाची नीट सोय झाली, तरच थोरलीचे शिक्षण टिकते.